प्रसिद्ध गावाच्या शेजारी

फ्रान्समधल्या कुठल्याही वाइनच्या दुकानात एकाच फळीवर ८ युरोची बाटली असते आणि तिच्याशेजारी ८० युरोची. दोन्ही बोर्डोच्या, दोन्हींवर वाड्याचं चित्र, दोन्हींत साधारण त्याच जातींची द्राक्षं. दहापट पैसे दिले तर दहापट चांगलं काही मिळतं का? वाइन चाखायला शिकवते त्या प्रत्येक वर्गात हा प्रश्न येतो. हॉटेलांसाठी आणि आयातदारांसाठी वाइन निवडणं हा माझा व्यवसाय असल्यामुळे मला त्याचं उत्तर नुसतं बोलून भागत नाही, खरेदीच्या यादीत लिहून द्यावं लागतं. माझं उत्तर असं, की एका मर्यादेपर्यंत जास्त पैशांत खरोखरच जास्त चांगली वाइन मिळते. त्यापुढचे पैसे गावाच्या नावाचे. आणि फ्रान्समध्ये कोणत्या गावाचं नाव मोठं झालं, हे मातीइतकंच राजांनी, बंदरांनी आणि दलालांनी ठरवलेलं आहे. ज्या मातीच्या वाट्याला तेव्हा अन्याय आला, तिथली वाइन आजही रास्त भावात मिळते. माझ्या आवडत्या रेड वाइन बहुतेक अशाच गावांच्या आहेत.

आधी खर्चाचा हिशेब पाहू. बोर्डोत वापरतात ते ओकचं पिंप २२५ लिटरचं असतं. नवं घेतलं तर ८०० ते १००० युरो पडतात आणि त्यातून ३०० बाटल्या भरतात. म्हणजे सगळी वाइन नव्या पिंपात मुरवली तरी बाटलीमागे तीनेक युरो. काच, बूच, लेबल आणि खोकं यांचे आणखी एक-दोन युरो धरा. हाताने तोडणी आणि वेलीवर मुद्दाम कमी ठेवलेले घड यांचा खर्च मोठा असतो, पण तोही अमर्याद नसतो. उलट बाजूने पाहिलं तर ३ युरोच्या बाटलीत काच, बूच, वाहतूक आणि दुकानदाराचा नफा वजा केल्यावर द्राक्षासाठी जवळजवळ काहीच उरत नाही. म्हणून फ्रान्समध्ये खरेदी करताना मी १० ते २० युरोंच्या पट्ट्यात शोधते. या पट्ट्यात शेतकऱ्याच्या हाती नीट काम करण्यापुरते पैसे पडतात आणि नावाचं ओझं आपल्यावर पडत नाही.

बोर्डोचं नाव कसं घडलं, ते १८५५ सालच्या एका यादीत दिसतं. तिसऱ्या नेपोलियनच्या पॅरिस प्रदर्शनासाठी बोर्डोच्या दलालांनी मेदोक भागातल्या वाड्यांची, म्हणजे रेड वाइन करणाऱ्या मळ्यांची, पाच श्रेणींत वर्गवारी केली. मेदोकच्या बाहेरचा एकच वाडा, ओ-ब्रियाँ, रेड वाइनच्या या यादीत आला. वर्गवारीचा आधार होता बाजारातला भाव. ती यादी आजही चालते. श्रेणी बदलून वर चढल्याचं ठळक उदाहरण म्हणजे १९७३ साली पहिल्या श्रेणीत गेलेला मूताँ-रॉथशिल्ड. दरम्यान अनेक वाड्यांनी जमिनी विकल्या, नव्या घेतल्या, मालक बदलले. श्रेणी मात्र वाड्याच्या नावाला चिकटून राहिली. या मोठ्या वाड्यांच्या दुय्यम वाइन हा एकेकाळी जाणकारांचा आवडता मार्ग होता. आता लाफित या वाड्याच्या कार्यूआद या दुय्यम वाइनचा भाव पाहिला की तिला दुय्यम म्हणवत नाही, आणि मी तो मार्ग कोणाला सुचवत नाही.

बोर्डोत पैसे वसूल करायचे असतील तर सां-एमिलियाँच्या पूर्वेला कास्तियाँला जावं. शंभर वर्षांच्या युद्धातली शेवटची लढाई १४५३ साली याच गावाजवळ झाली आणि इंग्रजांच्या हातून बोर्डो कायमचं गेलं. सां-एमिलियाँचं चुनखडीचं पठार सरळ कास्तियाँच्या हद्दीत शिरतं. तीच खडकाळ माती, त्याच मेर्लो आणि काबर्ने फ्राँ या द्राक्षजाती; भाव कित्येकदा निम्म्याहून कमी. बोर्डोतल्याच फ्राँसाकचंही तसंच. साध्या बोर्डोला सध्या गिऱ्हाईक इतकं कमी आहे, की २०२३ पासून सरकारी मदत देऊन द्राक्षबागा उपटल्या जात आहेत. चांगल्या शेतकऱ्याची बाटली आज तिथे तिच्या लायकीपेक्षा स्वस्त मिळते, आणि ती घेतली तर त्याची बाग वाचायला हातभार लागतो.

काओरची गोष्ट याहून जुनी. लो नदीच्या वळणांवर वसलेला हा प्रदेश. वाइन इतकी गडद, की तिला काळी वाइन म्हणत. ही वाइन होड्यांतून लोमार्गे गारोन नदीत आणि तिथून बोर्डोच्या बंदरात यायची. बोर्डोच्या व्यापाऱ्यांनी मध्ययुगातच राजाकडून सवलत मिळवली होती, की नदीच्या वरच्या अंगाची वाइन हिवाळ्यातली एक ठरावीक तारीख उलटेपर्यंत बंदरात विकायची नाही. तोवर इंग्लंडला जाणारी जहाजं बोर्डोचा माल भरून निघून गेलेली असत. ही सवलत १७७६ साली फ्रान्सचा अर्थमंत्री तुर्गो याने रद्द केली. पुढे फायलोक्झेरा किडीने बागा खाल्ल्या, आणि जे उरलं त्यातलं बहुतेक १९५६ च्या फेब्रुवारीतल्या हिमाने मारलं. दरम्यान याच प्रदेशाच्या माल्बेक या द्राक्षजातीने १८५३ मध्ये कृषितज्ज्ञ मिशेल पुजेबरोबर आर्जेंटिना गाठलं होतं, आणि पुढे जगाने माल्बेक म्हणजे आर्जेंटिनातलं मेंदोसा हेच समीकरण धरलं. काओरला स्वतःच्या नावाचा कायदेशीर दर्जा मिळाला तो १९७१ मध्ये.

आज काओरच्या बाटलीत किमान ७० टक्के माल्बेक असावंच लागतं. आर्जेंटिनाच्या माल्बेकमध्ये पिकलेल्या फळांची गोडी पुढे येते. काओरमध्ये ती मागे राहते आणि आंबटपणा, तुरटपणा, थोडा लोखंडाचा वास पुढे येतो. क्लो द गामो किंवा शातो द्यु सेद्रची बाटली मी उघडून दोन तास तशीच ठेवते. पहिला घोट जिभेवर कडक बसतो. दोन तासांनी त्याच ग्लासात आलुबुखार आणि ओल्या मातीचा वास येतो. पाच-सात वर्षं ठेवली तर आणखी उघडते. १५ युरोंच्या आसपास इतकं आयुष्य असलेली रेड वाइन फ्रान्समध्ये फार ठिकाणी मिळत नाही.

पण एकच प्रदेश निवडायला सांगितला तर मी बोजोले निवडेन. १३९५ साली बर्गंडीचा ड्यूक फिलिप याने गामे नावाची द्राक्षजात आपल्या मुलखातून उपटून टाकण्याचं फर्मान काढलं. तिला भरमसाट फळ येतं आणि वाइन हलकी होते, हा त्याचा आक्षेप होता. बर्गंडीच्या चुनखडीवर पिनो न्वार या जातीचं राज्य राहिलं. गामे दक्षिणेला, बोजोलेच्या ग्रॅनाइटच्या टेकड्यांवर रुजली. त्या मातीत वेलीचा जोर आपोआप आवरला जातो आणि वाइन वेगळीच होते. विसाव्या शतकात नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी जगभर पाठवल्या जाणाऱ्या नूव्हो नावाच्या कोवळ्या वाइनने बोजोलेला प्रसिद्धी दिली, आणि त्याच प्रसिद्धीत इथल्या गंभीर वाइन झाकल्या गेल्या. उत्तरेकडच्या १० गावांना आपापल्या नावाने वाइन विकण्याचा हक्क आहे: मॉर्गाँ, फ्लरी, मुलँ-आ-व्हाँ, जुलिएना, शेना, शिरूब्ल, रेन्ये, ब्रुयी, कोत द ब्रुयी आणि सां-तामूर. यांच्या लेबलवर बोजोले हा शब्द बहुतेक वेळा नसतो किंवा अगदी बारीक असतो. गावांची नावं लक्षात ठेवावी लागतात ती यासाठी.

इथली वाइन करण्याची रीत मुळातच निराळी. घड चिरडत नाहीत, देठांसकट अख्खे टाकीत ओततात. तळाचे घड वरच्यांच्या भाराने फुटतात, रस आंबू लागतो आणि टाकी कार्बन डायऑक्साइडने भरते. वरचे मणी अजून अखंड असतात. त्या वायूत त्यांच्या सालीच्या आतच किण्वन सुरू होतं. असा एक मणी टाकीतून काढून दाताखाली धरला की तो जिभेवर चुरचुरतो, आत गर गुलाबी झालेला असतो आणि चव द्राक्षाकडून वाइनकडे निघालेली असते. सालीतला रंग आणि सुवास उतरतो, तुरटपणा मात्र फारसा उतरत नाही. नूव्हो चार-सहा दिवसांत टाकीतून काढतात. मॉर्गाँमधले चांगले शेतकरी दोन-तीन आठवडे थांबतात, आणि फरक तिथे पडतो.

मॉर्गाँमधल्या कोत द्यु पी या टेकडीवर निळसर, हाताने मोडता येईल असा कुजका खडक आहे. तिथल्या वाइनला सुरुवातीला काळ्या चेरीचा वास असतो आणि दहा वर्षांनी ती पिनो न्वारच्या इतकी जवळ जाते, की चाखणारे बर्गंडीचं नाव घेतात. ज्युल शोव्हे या रसायनशास्त्र जाणणाऱ्या व्यापाऱ्याच्या विचारांवर मार्सेल लापिएर, जाँ फोयार आणि त्यांच्या मित्रांनी इथे तणनाशकं सोडली, बाजारचं यीस्ट सोडलं, गंधक अगदी थोडं ठेवलं. लापिएर २०१० मध्ये गेले. घरची वाइन पुढची पिढी त्याच निगुतीने करते. लापिएर आणि फोयार यांच्या बाटल्या आता महागल्या आहेत. त्यामुळे माझा हात कोत द ब्रुयीच्या शातो तिव्हँकडे किंवा फ्लरीच्या क्लो द ला र्वालेतकडे जातो.

र्वालेतचा मळा मुलँ-आ-व्हाँच्या सीमेला लागून आहे आणि पूर्वी तिथली वाइन त्याच मोठ्या नावाने विकली जायची. गावांच्या हद्दी ठरल्या तेव्हा हा मळा फ्लरीत गेला. असं सांगतात, की तेव्हाच्या मालकाने संतापून लेबलवरून गावालाच महत्त्व दिलं नाही, आपल्या शर्यतीच्या घोडीचं चित्र छापलं आणि मळ्याला तिचंच नाव दिलं. घोडी आजही लेबलवर आहे. मातीत चिकण जास्त असल्यामुळे वाइनही इतर फ्लरीपेक्षा भारदस्त असते.

लुआरच्या खोऱ्यातलं शिनाँ तेवढंच प्रिय. काबर्ने फ्राँ ही बोर्डोतली दुय्यम जात इथे एकटी उभी राहते. ढोबळी मिरची, पेन्सिलचं शिस आणि रासबेरी असा तिचा वास असतो. थंड वर्षी मिरची जास्त होते, म्हणून २०१८ किंवा २०२२ सारख्या उष्ण सालची बाटली घ्यावी. ओल्गा राफो यांच्या नावाच्या मळ्यातली ले पिकास वर्षानुवर्षं टिकते आणि किमतीच्या मानाने ती मला फ्रान्समधल्या सर्वोत्तम सौद्यांपैकी एक वाटते. बर्गंडीबद्दल मात्र मी हात टेकले आहेत. तिथला प्रसिद्ध रोमाने-काँतीचा मळा दोन हेक्टरांहूनही लहान आहे आणि सगळ्या जगाला त्यातलंच हवं आहे. त्या भावाची झळ आता आजूबाजूच्या गावांनाही लागली आहे. फारच मन झालं तर बर्गंडीतल्याच मेर्क्युरे किंवा जिव्हरी या गावांची वाइन पाहावी.

दक्षिणेचा लाँगदोक सहकारी साखर कारखान्यांच्या मुलखात वाढलेल्या मराठी माणसाला लगेच कळेल. बेझिएजवळच्या मारोसाँ गावातल्या शेतकऱ्यांनी १९०१ मध्ये एकत्र येऊन वाइन विकायला सुरुवात केली. १९०५ साली समाजवादी नेते जाँ जोरेस ते पाहायला आले होते. १९०७ मध्ये भाव कोसळले, साखर घालून केलेल्या बनावट वाइनने बाजार भरला आणि लाखो शेतकरी रस्त्यावर उतरले; नारबोनमध्ये सैन्याने गोळ्या झाडल्या. या प्रदेशावर स्वस्त, पातळ वाइनचा शिक्का बसला तो अजून पुरता पुसलेला नाही. कारिन्याँ या जातीला तर सगळ्यांनीच नावं ठेवली आणि युरोपीय अनुदान घेऊन तिच्या बागा मोठ्या प्रमाणावर काढल्या गेल्या. उरल्या त्या मुख्यतः डोंगरउतारावरच्या जुन्या, बुटक्या, थोडंच फळ देणाऱ्या वेली. कोर्बिएरमधल्या कास्तेलमोर या १९२१ पासूनच्या सहकारी संस्थेची किंवा सँ-शिनियाँच्या शिस्ट खडकावरच्या एखाद्या शेतकऱ्याची वाइन घ्या. १० युरोंत जुन्या वेलींची इतकी दाट वाइन मला दुसरीकडे सापडलेली नाही.

लेबलवरच्या मोठ्या शब्दांना भुलू नये. ग्राँ व्हँ, रेझर्व्ह, जुन्या वेली, या शब्दांमागे फ्रान्समध्ये नेमकी कायदेशीर कसोटी नाही. जड बाटलीत वाइन चांगलीच असते असंही नाही. काचेचे पैसे मात्र आपण देतो. फ्रान्समध्ये घेतलेल्या बाटलीच्या टोपीवर बहुधा कराचा गोल शिक्का असतो. त्यात आर अक्षर असेल तर द्राक्ष पिकवणाऱ्यानेच बाटली भरली आहे, एन असेल तर व्यापाऱ्याने. २० युरोंच्या आत मी आर शोधते.

आपल्याकडे गणित बदलतं. फ्रेंच वाइनवर वर्षानुवर्षं १५० टक्के आयात शुल्क बसत आलं आहे, आणि त्यावर राज्याचे कर. म्हणून मुंबई-पुण्यात फळीवरची सगळ्यात स्वस्त फ्रेंच रेड मी कधीच सुचवत नाही. तेवढ्या पैशांत नाशिकची चांगली शिराझ घ्यावी, ती सरस निघेल. फ्रेंचच घ्यायची तर एक पायरी वर चढा आणि दुकान बघून घ्या. बाटल्या उन्हात किंवा दिव्याखाली उभ्या असतील, बूच वर सरकलेलं असेल, टोपीखाली चिकट ओघळ असेल, तर ती वाइन उकडून गेलेली आहे. आपल्या तिखटाने वाइनमधला तुरटपणा जास्त बोचतो आणि अल्कोहोल जास्त जाळतं, म्हणून भरल्या वांग्याबरोबर किंवा खिम्याबरोबर गामे किंवा शिनाँ उत्तम. काओर कमी तिखट, भाजलेल्या मटणासाठी राखावी. पुण्याच्या उन्हाळ्यात कुठलीही रेड अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवूनच उघडा. गामे १३-१४ अंशांवर खुलते, काओरला १७ पुरतात.

परदेशातून येताना २ लिटर मद्य करमुक्त आणता येतं, म्हणजे नेहमीच्या दोन बाटल्या आरामात बसतात. पॅरिस किंवा लिआँला जाणार असाल तर त्या विमानतळावर घेऊ नका. तिथे मोठी नावंच जास्त असतात. शहरातल्या एखाद्या लहान वाइनच्या दुकानात जा, जेवणात काय असणार आहे ते सांगा, २० युरोंच्या आतली मॉर्गाँ किंवा कोत द ब्रुयी मागा, आणि कपड्यांत नीट गुंडाळून बॅगेत ठेवा.