मोकळा दिवस

छापील कार्यक्रमात स्वच्छ लिहिलं होतं : ‘रोम – मोकळा दिवस’. त्या तीन शब्दांवरून मी भर बसमध्ये भांडले आणि आजही तो विषय निघाला की माझं डोकं तापतं.

युरोपच्या सहलीचे पैसे मुलाने भरले, मुंबईला जाऊन आम्ही बोटांचे ठसे देऊन आलो, व्हिसा मिळाला. मग पॅरिस, ब्रुसेल्स, ॲमस्टरडॅम, स्वित्झर्लंड, व्हेनिस असं पळत पळत पाहिलं. यांचा जालन्यात सळईचा धंदा. आयफेल टॉवरमध्ये ७,३०० टन लोखंड आहे म्हटल्यावर हे तिथेच उभ्या उभ्या भाव काढायला लागले.

माझं लक्ष मात्र शेवटच्या दिवसावर होतं. माझं माहेर भोकरदन, शाळेत मी इतिहास शिकवायचे. १९३८ साली पॉम्पेईच्या राखेतून एक हस्तिदंती मूर्ती निघाली. वीतभराहून जरा उंच, अंगभर दागिने, दोन्ही बाजूंना दासी. म्हणजे ७९ साली व्हेसुव्हियस फुटला, त्याआधीच ही बाई आपल्याकडून तिकडे पोचलेली. पुढे १९७३ मध्ये भोकरदनच्या पांढरीत, केळणेकाठी खोदकाम झालं, तर तिथे तिच्याच वळणाची एक भग्न मूर्ती सापडली. पॉम्पेईची नेपल्सच्या संग्रहालयात आहे. रोमहून वेगाच्या गाडीने तासाभराहून थोडं जास्त. संग्रहालय मंगळवारी बंद असतं, आमचा रविवार होता. सगळं बघून ठेवलं होतं.

आदल्या संध्याकाळी टूर लीडर माइकवर म्हणाला, “उद्या सगळ्यांनी नऊला खाली या, आउटलेट मॉलला जायचंय.” मी उठले. म्हटलं, “दादा, उद्या मोकळा दिवस ना? आम्ही दोघं नेपल्सला जाऊन येतो.”

“काकू, ड्रायव्हरचे तास भरतात. इथला कायदा कडक आहे.”

कायदा मलाही ठाऊक झाला होता. साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास विश्रांती. तेवढ्यात आम्ही किती वेळा थेपले खाल्ले! पण आम्ही रेल्वेने जाणार, त्याच्या तासांचा संबंध काय? मग म्हणे नेपल्सला पाकीटमार फार. मग म्हणे परवा विमान आहे. मग म्हणे लिहून द्या, काही झालं तर कंपनी जबाबदार नाही. म्हटलं, आण कागद. तेव्हा खरं बाहेर आलं : पासपोर्ट त्याच्याकडे होते, ‘सुरक्षेसाठी’, आणि ते विमानतळावरच मिळणार होते. माझा पासपोर्ट, माझी सही, माझा फोटो, आणि तो मागायला मी हात पसरायचा!

मागून कोणीतरी म्हणालं, “काकू, एका मूर्तीसाठी कशाला? गूगलवर बघा.” तेही गिळलं असतं. पण हे पदर ओढून म्हणाले, “अगं बस खाली, लोक बघताहेत.”

कुणी जाणार असाल तर पासपोर्ट कुणाच्या हाती देऊ नका. आणि पैसे भरण्याआधी हॉटेलचा पत्ता नकाशावर बघा. आमचं ‘रोममधलं’ हॉटेल शहराच्या रिंगरोडबाहेर होतं. पायी जावं असं जवळपास एक पेट्रोल पंप तेवढा होता.

रविवारी मॉलच्या बाकावर मी फुगून बसले. गटातल्या परभणीच्या दोन मुली कॉफी घेऊन आल्या. “काकू, काय होतं हो त्या मूर्तीत?” मी सांगत सुटले. सातवाहन, पैठण, भडोचहून समुद्रमार्गे जाणारा माल. वर्गात कधी इतकं लक्ष देऊन कुणी ऐकलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्या सहलीतला तो तास मला सगळ्यात आवडला.

“पण ती भोकरदनचीच कशावरून?” एकीने विचारलं.

आता खोटं कशाला बोलू? तशीच एक मूर्ती तेरलाही मिळालीय, लामतुरे संग्रहालयात आहे. शिवाय पॉम्पेईच्या मूर्तीवर खरोष्ठी अक्षर कोरलंय, ती लिपी वायव्येकडची. नक्की कोणीच सांगू शकत नाही.

“मग काल एवढं भांडलात कशाला?”

मला हसूच आलं. तेवढ्यात हे बुटांचे दोन खोके काखेत मारून आले. “गेला का राग?” म्हणाले. पुन्हा चढला.