बूटच्या ओळीतला दोनचा अंक

वॉचडॉग म्हणजे राखणदार. ठरलेल्या मुदतीत प्रोग्रामने त्याला हाक दिली नाही, तर काहीतरी अडकलंय असं धरून तो बोर्ड रीसेट करतो. आयएमएक्स ६ च्या बोर्डावर लिनक्सचा ड्रायव्हर ही मुदत ६० सेकंद ठेवतो; चिप ती १२८ सेकंदांपर्यंत वाढवू देते. आमच्या यंत्रात नवं सॉफ्टवेअर फ्लॅशवर उतरवायला मिनिटाहून जास्त वेळ लागायचा आणि तेवढा वेळ प्रोग्राम हाकच द्यायचा नाही. काम अर्ध्यावर आणि बोर्ड पुन्हा सुरू. मुदत १२० करायची, एवढंच माझ्याकडे आलं होतं.

सवयीने मी मॉडप्रोबच्या फाइलमध्ये लिहिलं. ढिम्म फरक पडला नाही. ड्रायव्हर कर्नलमध्येच बांधलेला होता. मॉडप्रोब फक्त वेगळी लोड होणारी मॉड्यूल्स हाताळतो, अशा ड्रायव्हरच्या वाटेला तो जातच नाही. अशा ड्रायव्हरला सांगायचं ते बूटलोडर कर्नलच्या हाती जी ओळ देतो तिच्यात: ड्रायव्हरचं नाव, टिंब, पॅरामीटर, बरोबरचं चिन्ह, आकडा. आमचा बूटलोडर यू-बूट; त्यात ही ओळ, म्हणजे बूटआर्ग्ज, बदलले, सेव्ह केले. साठाव्या सेकंदाला पुन्हा रीसेट.

प्रॉकमधली कमांडलाइन उघडली तर माझी ओळ जशीच्या तशी हजर. तिथेच मी फसत होतो. ती ओळ फक्त आपण काय म्हणालो ते दाखवते, कोणी ऐकलं का ते नाही. सिसएफएसमध्ये ड्रायव्हरचे पॅरामीटर पाहावेत, तर या ड्रायव्हरने टाइमआउटला परवानगी शून्य दिलेली, म्हणजे तिथे फाइलच नाही. मग वॉचडॉगच्या स्वतःच्या नोंदीत पाहिलं: ६०.

तेव्हा कुठे ओळ अक्षरन् अक्षर वाचली. मी 'आयएमएक्स डब्ल्यूडीटी' लिहिलं होतं. सोर्स फाइलच्या नावात आयएमएक्सनंतर २ आहे आणि बांधलेल्या ड्रायव्हरचं नाव त्या फाइलवरूनच ठरतं. टिंब असलेलं अनोळखी नाव आलं की कर्नल ते पुढे कधीतरी लोड होणाऱ्या मॉड्यूलचं असेल असं समजतो आणि चकार शब्द न काढता पुढे जातो. डॅश आणि अंडरस्कोर तो एकच मानतो. गाळलेला अंक मात्र चालवून घेत नाही. २ घातला, बूट केलं, नोंदीत १२० आले.

पण हे १२० मला पटत नव्हते. यंत्र खरोखर अडकलं तर दोन मिनिटं तसंच पडून राहणार. पुढच्या आवृत्तीत फ्लॅशवर लिहितानाही दर काही सेकंदांनी हाक जाईल असा बदल केला आणि बूटच्या ओळीतली मुदत काढून टाकली. नोंदीत ६० दिसेपर्यंत कन्सोल बंद केला नाही.