हंगाम चांगला असतानाच

तेल्हारा तालुक्यातल्या सहकारी संस्थांसोबत काम करताना एक वाक्य मी सर्वांत जास्त ऐकतो : "यंदाचं निघू द्या साहेब, पुढच्या साली पाहू." ते म्हणणारे संचालक आळशी नसतात. सोसायटीचा नफातोटा बरा आहे, वसुली ठीक आहे, मग चालत्या गाड्याला हात कशाला लावायचा, असा त्यांचा साधा हिशेब असतो. हा हिशेब चुकीचा आहे, असं मी ठामपणे सांगतो. वाईट साली बदल करायला निघालेल्या संस्थेकडे पैसा नसतो, वेळ नसतो आणि सभासदांचा भरवसाही उडालेला असतो.

याची मोठी किंमत वऱ्हाडाने एकदा मोजली आहे. 1971 च्या कायद्याने आलेली कापूस एकाधिकार खरेदी योजना 1972 पासून सुरू झाली. कास्तकाराने कापूस फक्त योजनेच्या खरेदी केंद्रावर घालायचा, योजनेने सरकी काढून गाठी बांधून विकायच्या, हमीभावापेक्षा जास्त मिळालं तर त्यातून बोनस द्यायचा आणि एक भाग भावातल्या चढउतारासाठी राखून ठेवायचा. रचना विचारपूर्वक केलेली होती. व्यापाऱ्याच्या दारात उभ्या असलेल्या कास्तकाराला तिने पहिल्यांदा खात्रीचा भाव दिला, हे विसरून चालणार नाही. पण बाहेरचा बाजार तेजीत असला की कापूस राज्याच्या हद्दीपलीकडे जायचा, आणि मंदीत योजनेचा भाव चढा असला की पलीकडचा कापूस आत यायचा. म्हणजे दोन्हीकडून तोटा योजनेच्याच माथी. ही फट सर्वांना दिसत होती. 1991 नंतर देशाचा बाजार खुला होऊ लागला, तीच वेळ होती : ग्रेडिंग कडक करायचं, जुन्या जिनिंगमध्ये नवी यंत्रं आणायची, रुईच्या प्रतीवर भाव मिळवायचा. त्याऐवजी नव्वदच्या दशकात केंद्र सरकारच्या हमीभावाहून चढे भाव जाहीर होत गेले. जागतिक बाजार घसरला, तोटा साचत गेला आणि 2002 मध्ये खाजगी व्यापाऱ्यांना खरेदी खुली करावी लागली. बदल झालाच, फक्त तो संस्थेच्या हातचा राहिला नव्हता. त्याच सुमारास बाजारात खाजगी जिनिंगवाले नवी यंत्रं घेऊन उभे राहिले आणि कितीतरी सहकारी जिनिंगच्या आवारात गवत वाढलं.

आज वेळ पुन्हा तीच आहे. 2022 मध्ये केंद्राने प्राथमिक सोसायट्यांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली. पुढच्या वर्षी आलेल्या आदर्श उपविधींनी पीककर्जापलीकडचे पंचवीसहून जास्त व्यवसाय त्यांना मोकळे केले. 2025 च्या हंगामात सीसीआयने, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाने, आपल्या केंद्रावर कापूस विकण्यासाठी 'कपास किसान' ॲपवर नोंदणी मागितली. सातबारा, ई-पीक पाहणी, आधार, सगळं जुळलेलं हवं होतं. त्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये होता, पण कापसातला ओलावा आठ टक्क्यांवर गेला की भाव कमी आणि बारावर गेला की गाडी परत. एका गावच्या सोसायटीला मी एवढंच सुचवलं होतं, की सभासदांची ही कागदपत्रं उन्हाळ्यातच तपासा आणि ओलावा मोजायचं यंत्र सोसायटीत ठेवा. खर्च किरकोळ होता. दिवाळीच्या तोंडावर, वेचणीच्या घाईत, हेच काम निम्मंही झालं नसतं.

सोसायटीची वार्षिक आमसभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते, हे आपल्याकडे नुसतं बंधन मानलं जातं. मला ती फार सोयीची तारीख वाटते. कापूस घरात यायच्या आत, कास्तकाराचं डोकं थाऱ्यावर असताना, नव्या कामाचा ठराव मांडता येतो.

मात्र ठरावाच्या कितीतरी आधी गटसचिव, मापारी आणि हमाल यांच्यासोबत बसायला हवं. संचालक हे नेमकं टाळतात. काटा इलेक्ट्रॉनिक झाला तर मापाऱ्याने काय करायचं? खातेवह्या संगणकात गेल्या तर तीस वर्षं त्या तोंडपाठ ठेवणाऱ्या गटसचिवाचा मान कुठे राहणार? ही माणसं अडवून धरतात ती द्वेषाने नाही, भीतीने. त्यांचं नवं काम, त्याचा पगार आणि शिकवायला कोण येणार, हे लेखी त्यांच्या हातात पडल्याशिवाय यंत्राची ऑर्डर देऊ नका.