तगाद्याचा मसाला

मराठीतील काही शब्दांचे नशीब मोठे विचित्र असते. त्यांचा एक अर्थ स्वयंपाकघरात सुखाने नांदतो आणि दुसरा दप्तराच्या रुमालात बांधला जाऊन विस्मरणात जातो. 'मसाला' हा त्यांपैकीच एक. पेशवाईच्या कागदपत्रांत हा शब्द वारंवार भेटतो, पण त्याचा लवंग-दालचिनीशी संबंध नसतो. एखाद्याला बोलावणे धाडायचे किंवा कोणाकडे देण्याचा तगादा लावायचा, तर सरकारातून शिपाई जाई आणि त्या शिपायाच्या येण्याजाण्याचा खर्च ज्याच्याकडे तो गेला त्याच्याकडूनच वसूल होई. या रकमेला 'मसाला' म्हणत. देणे तसेच पडून राहिले, तर दारात मोहसल बसे आणि तो उठेपर्यंत त्याच्या पोटाची व्यवस्था घरमालकाच्या गाठीला पडे. मूळ देणे बाजूलाच राहायचे आणि ते मागायला येणाऱ्याचेच देणे आधी भागवावे लागायचे!

पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने १८१९ साली जो अहवाल लिहिला, त्यात आपल्याकडील तगाद्याचे वर्णन आहे. नुसत्या मागणीपासून माणसाला उपाशी ठेवण्यापर्यंत आणि डोक्यावर धोंडा देऊन उन्हात उभे करण्यापर्यंत तगाद्याच्या पायऱ्या त्याने नोंदवल्या आहेत. वाचताना अंगावर काटा येतो. मात्र कंपनी सरकार आले म्हणून दारातला शिपाई गेला, असे झाले नाही. त्याचा वेश पालटला, नाव पालटले. दिवाणी कोर्टाचा 'बेलिफ' आपल्या भाषेत असा रुळला, की खेड्यातील आजीबाईसुद्धा तो शब्द न अडखळता उच्चारीत. शहापूर सांगली संस्थानात होते आणि शेजारचे बेळगाव इंग्रजी अमलात, तेव्हाही वसुलीची भाषा दोहोंकडे सारखीच होती.

आणखी एका गोष्टीचे आम्हांला नेहमी नवल वाटत आले आहे. आपल्या या सीमाभागात पाटी कोणत्या भाषेत असावी यावर वर्षानुवर्षे वाद झाले, आंदोलने झाली, शहराच्या नावाचे रूपही १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदांत बदलले. परंतु तगादा, जप्ती, वसुली हे शब्द मराठीत आहेत तसेच, जुजबी फरकाने, कन्नडमध्येही आहेत. देण्याघेण्याच्या बाबतीत दोन्ही भाषांचे केव्हाच एकमत झालेले आहे!

हे सारे आठवण्याचे निमित्त घरचेच आहे. गावाचे आणि कार्यालयाचे नाव आम्ही मुद्दामच घेत नाही, कारण रोख कोणा एका संस्थेवर नाही.

आमचा जुना वाडा चार वाटण्यांत विभागलेला आहे. प्रत्येक वाटणीचे घरपट्टीचे खाते स्वतंत्र. माडीवरील वाटणी ज्या चुलतभावाची, तो वारला. त्याची मुलगी लग्न होऊन इंग्लंडात स्थायिक झाली. माडीला कुलूप लागले आणि तीन वर्षांची बिले दारातल्या फटीतून आत सरकत राहिली. खाली राहतात त्या आमच्या थोरल्या काकू. त्यांच्या वाटणीची पट्टी दरवर्षी वेळेवर भरलेली असते आणि पावत्या पितळी डब्यात क्रमाने लावलेल्या असतात.

२०१६ सालच्या मार्च महिन्यात, म्हणजे वसुलीच्या ऐन हंगामात, चार माणसे आली. माडीला कुलूप पाहून त्यांनी काकूंचे दार वाजवले. माडीच्या थकबाकीपोटी त्यांनी काकूंच्या न्हाणीघरातील तांब्याचा बंब आणि हंडा उचलला. थकबाकी होती ४३०० रुपये. त्याखेरीज वॉरंटाचा खर्च, दोन भेटींचा खर्च, गाडीभाडे आणि हमाली असे मिळून १८५० रुपये रोख मागितले. काकूंनी भीतीपोटी ते दिलेही. पावती मिळाली नाही. त्यांतला एक पोरगा आमच्याच गल्लीतला, कंत्राटावर लागलेला. तो खाली मान घालून म्हणाला, ''आम्हाला काय काकू, सांगतील तिकडं जायचं.'' काकूंनी त्याला पाणी दिले आणि एवढेच म्हणाल्या, ''पाणी पिऊन जा. पण जे नेतोस ते लिहून दे.'' त्याने एका चिटोऱ्यावर 'बंब १, हंडा १' असे लिहिले आणि खाली सही केली. पुढे जे काही साधले, ते त्या चिटोऱ्याच्या बळावर साधले.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. माडीचे देणे खरे होते. रस्ता, दिवा, गटार, पाणी हे सर्वांनी मिळून चालवायचे असते आणि पट्टी बुडवणाऱ्याचा भार पट्टी भरणाऱ्यावर पडतो. करवसुलीचा अधिकार नगरसंस्थेला नसेल, तर गाव चालणार नाही. आमचा वाद देण्याशी नव्हता, मसाल्याशी होता. वसूल करणारा ज्या कायद्याच्या जोरावर उंबरा ओलांडतो, त्याच कायद्याने त्याचेही हात बांधलेले असतात, याचा विसर दोन्ही बाजूंना पडतो.

आपल्याकडील नगरसंस्थांचे कायदे मुंबई इलाख्याच्या परंपरेतून आले आहेत. १९०१ चा जिल्हा नगरपालिका कायदा, १९२५ चा बरो नगरपालिका कायदा आणि राज्यपुनर्रचनेनंतर कर्नाटकाचे १९६४ व १९७६ चे अधिनियम, ही ती साखळी. तिच्यातील वसुलीच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. आधी बिल, मग मागणीची नोटीस, मग अधिकाऱ्याच्या सहीचे वॉरंट, मग जप्ती आणि सर्वांत शेवटी लिलाव. जप्त केलेल्या वस्तूंची यादी द्यायची आणि देण्याच्या मानाने अवाजवी जप्ती करायची नाही, असा या पद्धतीचा दंडक आहे. दिवाणी कोर्टाच्या जप्तीबाबत १९०८ ची संहिता तर अधिकच नेमकी आहे. तिच्या कलम ६० प्रमाणे अंगावरचे आवश्यक कपडे, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारे आणि धर्मरूढीप्रमाणे स्त्रीला अंगावरून उतरवता न येणारे दागिने जप्त होत नाहीत. कलम ६२ प्रमाणे सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी राहत्या घरात जप्तीसाठी शिरता येत नाही. कायदा करणाऱ्यांनी देणेकऱ्याची चूल आणि रात्र, या दोन्ही गोष्टी राखून ठेवल्या आहेत.

या मर्यादा सुटल्या म्हणजे काय होते, ते बार्डोलीने १९२८ साली पाहिले. ज्या मुंबई सरकारचा अंमल तेव्हा बेळगाव जिल्ह्यावर होता, त्याच सरकारने तेथे साऱ्यात २२ टक्के वाढ केली आणि शेतकऱ्यांनी ती नाकारल्यावर जप्तीसाठी पठाण आणले. म्हशी हाकून नेऊ नयेत, म्हणून माणसे जनावरांसह दारे लावून घरात राहिली. अखेर ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल या दोन अधिकाऱ्यांची चौकशी बसली आणि वाढ सुमारे ६ टक्क्यांवर आली. बार्डोलीचा लढा साऱ्याचा होता हे खरे. पण दारात पाठवलेल्या माणसांच्या वर्तनाने लोकांच्या मनातला राग अधिक पेटला, हेही तितकेच खरे.

आमचे प्रकरण त्या मानाने बंब-हंड्याचे. तरीही इंग्लंडातील पुतणीला दूरध्वनी केला, तेव्हा तिने जे सांगितले ते ऐकून आम्ही थक्क झालो. तिथे १९९३ पासून 'कौन्सिल टॅक्स' नावाची घरपट्टी आहे आणि ती थकली की तिथेही बेलिफ दारात येतो. पूर्वी न झालेल्या भेटींचे पैसे लावल्याच्या तक्रारी तिथेही होत. अखेर २०१४ साली नियमाने दर ठरले. प्रकरण हाती येताच ७५ पौंड, घरी भेट द्यावी लागली तर २३५ पौंड, विक्रीपर्यंत गेले तर ११० पौंड, आणि मोठ्या रकमांवर वरचा ठरावीक हिस्सा. भेटी कितीही झाल्या तरी त्या पायरीचा आकार एकदाच. रात्री ९ ते सकाळी ६ या वेळात सहसा कोणी घरात शिरायचे नाही. दर काही थोडके नाहीत. पण ते आधी छापलेले असतात, म्हणून त्यांवर वाद घालता येतो. आमच्या दारात आलेल्या मसाल्याचा दर कुठे छापला होता?

तेच विचारायचे आम्ही ठरवले. येथे भाषेचा प्रश्न आला. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायला सांगतो. म्हणजे आपल्याकडे मराठीला तेथे जागा नाही. परंतु राज्यघटनेचा अनुच्छेद ३५० असे म्हणतो, की गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. म्हणून आम्ही दोन कागद केले. माहितीचा अर्ज शेजारच्या निवृत्त कन्नड गुरुजींनी आपल्या टपोऱ्या अक्षरात लिहून दिला. त्याला १० रुपये शुल्क. जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे गाऱ्हाणे मात्र मराठीत, काकूंच्या सहीने. अर्ज लिहून झाल्यावर गुरुजी म्हणाले, ''उद्या माझ्या दारात आले, तर माझा कागद तुम्ही करायचा.'' सीमाभागातील शेजारधर्माची याहून चांगली व्याख्या आम्हांला ठाऊक नाही.

अर्जात चारच प्रश्न होते. वॉरंट कोणाच्या नावे, कोणत्या खात्यावर आणि कोणाच्या सहीने? जप्तीची यादी कोठे आहे? भेटी किती आणि कोणत्या तारखांना? आकारलेली प्रत्येक रक्कम कोणत्या नियमाखाली? उत्तर महिन्याभरात आले. वॉरंट माडीच्या खात्याचे होते, काकूंच्या नव्हे. भेट एकच नोंदली होती आणि गाडीची नोंदच नव्हती. पुतणीने थकबाकी दंडासह भरली. बंब आणि हंडा परत आले. बंबाला एक पोचा पडला होता. वॉरंटाचा रीतसर खर्च आम्ही मान्य केला आणि तो भरला. बाकीची रक्कम रोख परत मिळाली नाही, पण पुढील वर्षाच्या पट्टीत वळती झाली. कोणावर कारवाई झाल्याचे कळले नाही. त्या पोरावर होऊ नये, अशी काकूंनी तोंडी विनंती केली होती.

याला विजय म्हणावे काय? आम्ही तसे म्हणत नाही. अठराशे पन्नास रुपयांसाठी आम्ही पाच फेऱ्या मारल्या, आणि प्रत्येकाकडे फेऱ्या मारायला वेळ असतो असे नाही. ज्याच्या घरी पितळी डबा नाही, अर्ज लिहून देणारे गुरुजी नाहीत, त्याचा बंब परत येत नाही, ही खरी बोचणी आहे. आपल्या समाजात जप्ती ही अब्रूची गोष्ट समजली जाते. शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून माणूस मागतील ते देऊन मोकळा होतो, आणि नेमका या लाजेवरच बेहिशेबी मसाला पोसला जातो.

आपल्या जुन्या कुटुंबांतील कित्येक वाड्यांची आज हीच अवस्था आहे. माडी कुलूपबंद, वारस पुण्यात किंवा परदेशात, आणि तळमजल्यावर एकटी म्हातारी माणसे. त्यांच्यासाठी तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. बंद वाटणीच्या बिलाचा पत्ता वारसांकडून बदलून घ्यावा. स्वतःच्या खात्याच्या पावत्या दाराजवळच हाताशी असाव्यात. आणि कोणी उंबऱ्यावर आले, तर वॉरंट पाहिल्यावाचून दार पुरते उघडू नये व पावतीवाचून पैसा देऊ नये. देणे असेल ते जरूर द्यावे. मसाला मागितला, तर मात्र त्याचा दर विचारावा. आणि तो कोणत्या भाषेत विचारावा या संकोचात राहू नये.