स्वतःला टाकून बोलणं

दुसऱ्याच्या लेकराला आपण जे कधीच बोलणार नाही, ते स्वतःला मात्र दिवसभर बोलत असतो. "माझ्यानं नाहीच व्हायचं." "मेलीला एक काम धड येईल तर शपथ." नीट कान दिला तर त्यातला सूर ओळखीचा निघतो, कुणा आत्याचा, कुणा मास्तरांचा. ऐकून ऐकून तो अंगवळणी पडतो आणि पुढे खराच वाटायला लागतो.

गेल्या चतुर्थीला वहिनी मोदक करत होत्या. उकड कोरडी पडली होती, त्यामुळे कळ्या घेताना पारीला कडेनं चिरा जात होत्या. आणखी एक मोदक फुटला तशी त्यांनी पारी ताटात टाकली. "माझ्या हाताला गुणच नाही!" चीर गेली पारीला आणि निकाल लागला माणसाचा. मी म्हटलं, "वहिनी, उकड तेवढी कोरडी झालीय. तेलापाण्याच्या हातानं पुन्हा मळू या."

अल्बर्ट एलिस यांनी 1955 मध्ये मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती नेमकं इथंच बोट ठेवते. घडलेली गोष्ट आणि आपलं दुःख यांच्या मधे आपण स्वतःशी काहीतरी बोललेलो असतो, आणि खरी जखम तिथं होते. फिलाडेल्फियाच्या एरन बेक यांना तर रुग्ण बोलत असतानाच त्याच्या मनात चाललेली दुसरी, झरझर सरकणारी कुजबुज सापडली. ती कुणी तपासून बघत नाही, म्हणून तिचं फावतं.

तिच्यावर 'मी थोर आहे' असा जप चालत नाही, असं माझं ठाम मत आहे. खोट्या निंदेवर खोटी स्तुती हा उतारा कसा होईल? छोटं आणि खरं वाक्य हवं, आणि ते अंगानंही शिकावं लागतं. एकोणिसाव्या वर्षी अतिशय लाजऱ्या एलिसनं ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात महिनाभरात 100 अनोळखी स्त्रियांशी ठरवून गप्पा मारल्या. त्यातून प्रेम जमलं नाही, पण आकाशही कोसळलं नाही. भीती तेवढी ओसरली.

समर्थांनी 205 श्लोक मनाला उद्देशून रचले. त्यात धाक भरपूर आहे, तरी हाक मारताना मनाला सज्जन म्हटलंय. मला ते फार मोलाचं वाटतं.

रात्री मी वहीत दोन रकाने आखते. डावीकडे मनानं काय सुनावलं ते, उजवीकडे खरोखर काय घडलं ते. डावीकडे 'नेहमी' आणि 'कधीच' यांची दाटी असते. उजवीकडे असते चुकलेली एक बस, करायचा राहून गेलेला एक फोन.