पुढची काच

जुन्या फियाटची पुढची काच काढायला दोन माणसं लागतात. एक बाहेर बॉनेटशी हात पसरून उभा राहतो, दुसरा आत पाठीवर निजून काचेला पाय लावतो. आमच्या गाडीत निजायला जागाच नव्हती, कारण ती रेसची गाडी. एकच बकेट सीट, मागे उघडा पत्रा, आणि दोन्ही खांबांना चिकटून वर गेलेले रोल केजचे पाइप. सीट काढली, तेव्हा कुठे मला तिरकं पडता आलं. उशाला गिअरबॉक्सचा उंचवटा होता.

गाडी काकांची. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली, १०८९ सीसीची फियाट ११००. हीच पुढे पद्मिनी झाली. काका सत्तरच्या दशकात नोकरीनिमित्त मद्रासला होते, आणि मद्रासच्या उत्तरेला शोलावरम होतं. दुसऱ्या महायुद्धातली ती धावपट्टी. विमानं गेली आणि रेसवाले आले. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३ सालचा. त्याच्या शर्यती तिथेच व्हायच्या आणि नंतर इरुंगट्टुकोट्टईला कायमचा ट्रॅक झाला. काकांना तिथे फार बक्षिसं मिळाली असं नाही. पण निवृत्त होऊन उज्जैनला परतताना सामानाआधी त्यांनी गाडी पाठवली, यावर काकू अजून बोलतात.

काच बदलायची ठरली आणि घरात दोन पक्ष झाले. दादाचं, म्हणजे काकांच्या मुलाचं म्हणणं, काच तीच राहू दे. शोलावरमची काच आहे, तिच्यावरचा ओरखडा न् ओरखडा तिथला. माझं म्हणणं अगदी उलट. टायर आणि ब्रेकचे गुटके जसे झिजतात तशी पुढची काचही झिजते. वर्षानुवर्षं वाळूचे कण आपटून तिला बारीक टोचे पडले होते. संध्याकाळी टावर चौकाकडे तोंड करून गाडी आणली की समोरच्या दिव्यांचे नुसते पांढरे ढग दिसायचे. वारसा जपायचा तर बाकी गाडी आहेच. डोळ्यांसमोरचा भाग आंधळा ठेवण्यात मला काही थोरवी दिसत नाही.

वाद काकांनीच मिटवला. "अरे, ही कुठली शोलावरमची? ती तर तिथेच फुटली." पुढच्या गाडीच्या चाकातून खडा उडाला होता. तेव्हाच्या काचा टफन्ड. तापवून एकदम गार केलेल्या अशा काचेचं बाहेरचं अंग दाबाखाली आणि आतलं ताणाखाली असतं. त्यामुळे ती भरपूर मार खाते, पण एकदा हरली की सगळीच्या सगळी बारीक चौकोनी दाण्यांची होते. दाणे कधी लगेच गळत नाहीत, जागेवरच राहतात, आणि ड्रायव्हरसमोर अख्खा पांढरा पडदा उभा राहतो. काकांनी हातमोज्याच्या मुठीने त्याला भोक पाडलं आणि त्या भोकातून बघत गाडी कडेला घेतली. पुढे काही काचांत ड्रायव्हरपुढचा पट्टा मुद्दाम कमी कडक ठेवू लागले, म्हणजे तिथे तुकडे मोठे राहून थोडं तरी दिसावं. काकांच्या काचेत तसं काही नव्हतं. "आत्ताची भंगारातून घेतलेली. कुणा डॉक्टरच्या गाडीची." दादा गप्प झाला.

नवी काच लॅमिनेटेड घ्यायची हे आधीच ठरलं होतं. दोन पातळ काचा, मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा. एदुआर बेनेडिक्टस या फ्रेंच माणसाच्या प्रयोगशाळेत १९०३ साली एक चंबू खाली पडला. तो तडकला, पण विखुरला नाही, कारण आत सेल्युलोज नायट्रेट वाळून बसलं होतं. १९०९ मध्ये त्याने पेटंट घेतलं. आपल्याकडे नव्या गाड्यांना पुढची काच लॅमिनेटेडच हवी, हा नियम यायला नव्वदचं दशक उजाडलं.

मिळाली ती कुर्ल्यातच. मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची गेली, पण तिच्या सुट्या भागांचे ढीग अजून संपलेले नाहीत. दुकानदाराने एकच बजावलं, आडवी ठेवू नका. दोन गोधड्यांत गुंडाळलेली ती काच अवंतिका एक्सप्रेसने उभ्याने उज्जैनला आली. टीसीने ती आरसा समजून विचारलं, लग्न कुणाचं?

काम फ्रीगंजमध्ये, टावर चौकाच्या मागच्या गल्लीत. काचवाले चाचा सकाळीच या म्हणाले, कारण संध्याकाळी चौकात खाण्याच्या गाड्या लागल्या की गल्लीत स्कूटरसुद्धा वळत नाही. आधी वायपरचे हात काढले, मग आरसा. जुनं रबर वाचवायचं नसतं. ते लाकडासारखं कडक झालं होतं. चाचांनी धारदार पात्याने त्याची बाहेरची कड चौफेर कापली. मग मी पायांना पोतं गुंडाळून वरचा कोपरा दाबला. "भिया, लात मत मारना, धकाना," बाहेरून सूचना येत होत्या. निकामी काचेची एवढी काळजी कशाला? तर ती आत फुटली की दाणे डॅशबोर्डच्या फटींत जातात आणि दर वळणावर खळखळतात. हळूहळू वरची कड सुटली आणि काच चाचांच्या हातांत उतरली.

खरी गाडी दिसली ती त्यानंतर. रबराखालच्या पत्र्याच्या कडेवर रंगाचे थर मोजता येत होते: सर्वांत खाली कारखान्याचा फिकट राखी, त्यावर काकांचा लाल, त्यावर पुन्हा पांढरा. खालच्या दोन्ही कोपऱ्यांत पाणी मुरून पत्रा चाळणी झालेला. उजव्या खांबापाशी, केज जोडताना सांडलेल्या वेल्डिंगची गाठ. काच त्या गाठीवर टेकून इतकी वर्षं बसली होती. टफन्डने ते सोसलं. लॅमिनेटेड सोसणार नाही. कडेला एका ठिकाणी दाब आला की तिथूनच चीर धावते. काच बदलणं म्हणजे काच बदलणं नव्हे, हे डेंटरला बोलावल्यावर उमगलं. त्याने सडका पत्रा कापून नवा तुकडा जोडला, गाठ घासून सपाट केली, रेड ऑक्साइड मारलं. मग नुसती काच चौकटीत धरून फट बघितली. उजवीकडे वर ती निम्मी होती. खांब किंचित आत आलेला. गाडी कधीतरी उलटली असणार. काकांनी विषय टाळला, आणि काकू शेजारी बसल्या होत्या म्हणून मीही ताणला नाही. खांब ओढून सरळ करणं शक्य नव्हतं, केज त्याला घट्ट वेल्ड केलेला. मग पत्र्याची कडच थोडी घासून मागे घेतली.

बसवणं हा दोरीचा खेळ आहे. थंडीचे दिवस, म्हणून नवं रबर आधी गच्चीवर उन्हात पसरलं. मऊ झाल्यावर ते काचेभोवती चढवलं. रबराच्या आतल्या खाचेत नायलॉनची दोरी फिरवून तिची दोन्ही टोकं खाली मध्यभागी आत सोडली. साबणाचं पाणी लावून काच बाहेरून चौकटीवर टेकवली. आता आत मी दोरी ओढतो, बाहेर चाचा त्याच जागी तळव्याने थापट्या मारतात, आणि दोरी सुटेल तशी रबराची जीभ पत्र्याच्या कडेवरून आत पालथी पडते. दोघांची जागा एकच हवी. मी पुढे गेलो की जीभ अडकते, ते पुढे गेले की काच मागे राहते. केजच्या पाइपामागून माझी बोटं जेमतेम जात होती. तिथे दादाने पेचकसाच्या बोथट टोकाने जीभ उचलून दिली.

मग पट्टी. काकांनी वजन वाचवायला ती कधीच काढून फेकली होती. बंपरही त्याच हिशेबात गेले. पण ही चकाकणारी प्लास्टिकची पट्टी नुसती शोभेची नसते. ती रबराच्या खाचेत शिरली की रबर फुगतं आणि काचेला आवळतं. चाचांनी ती पूर्ण लांबीला कापली नाही, दोन्ही टोकं एकमेकांवर थोडी चढवून ठेवली. दादाला ते ओबडधोबड वाटलं. त्याने कात्री मागितली. "गर्मी में सिकुड़ेगी," चाचा म्हणाले आणि पाण्याचा पाइप हातात घेतला. उजव्या वरच्या कोपऱ्यातून एक धार आत आली, तिथे रबराखाली सीलंट भरलं, दुसऱ्यांदा कोरडं राहिलं. मेच्या शेवटी पट्टी आवळून दोन्ही टोकं बरोबर भिडली.