घोष आणि घोषणा

इंग्रजीतील 'स्लोगन' हा शब्द स्कॉटलंडच्या गेलिक भाषेतून आला असून 'सैन्याची आरोळी' हा त्याचा मूळ अर्थ होय, असे वाचले आणि आम्हां भावंडांस गोव्यातील आमचे जुने घर आठवले.

१९६७ साली जनमतकौल झाला. विलीनीकरणाचे चिन्ह फूल, संघप्रदेशाचे दोन पाने. आमच्या एकाच घरात दोन्ही नांदत होती. पडवीतून वडील 'विलीनीकरण झालेच पाहिजे' म्हणत. अंगणातून धाकटे काका 'आमचें गोंय आमकां जाय' असे उत्तर देत. पुढे पुढे घोषणाच तेवढ्या उरल्या, बोलणे सरले. काका वेगळ्या पंगतीस जेवू लागले. आम्ही मुले मात्र दोन्ही घोषणा सारख्याच उत्साहाने देत असू!

मतदानाचा दिवस, १६ जानेवारी, सोमवार होता. रात्री गावच्या शिवालयात पालखी निघाली. भटजींनी 'नमः पार्वतीपते' म्हणताच त्या दोघांच्या मुखांतून एकदमच 'हर हर महादेव' उमटले. दोघेही ओशाळले. घरी परतल्यावर काकांनी आपला पाट वडिलांच्या पाटाशेजारी मांडला.

पुढे ३४,०२१ मतांनी दोन पाने जिंकली. वडील हळहळले, पण काकांनी त्यांच्यासमोर विजयाची घोषणा एकदाही दिली नाही.

'हर हर महादेव' हीदेखील मराठ्यांची रणगर्जनाच होती. तेव्हा दोष आरोळीचा नव्हे. घोषणेस कान नसतात. ते ती देणाऱ्याने उघडे ठेवावयाचे असतात, एवढे आम्ही त्या रात्री शिकलो.